क्रेट म्हणजे नक्की किती?

खटपट्या

आमच्या सोसायटीत भाजी-फळं थेट शेतातून एकत्र मागवायचा उद्योग चालतो आणि हिशेबाची वही नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात आहे. परवा जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला: "टोमॅटो क्रेट ५००, गाडीभाडं वेगळं, रिकामे परत." तो मी जसाच्या तसा सोसायटीच्या गटावर टाकला आणि गोंधळ उडाला.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी ठामपणे सांगितलं की क्रेट म्हणजे बारा, कारण दूधवाल्याचा बाराचा असतो. एका गृहस्थांच्या मते चोवीस, कोल्ड्रिंकसारखे. चोवीस काय, टोमॅटो? एका पोराने विचारलं, "क्रेट उघडायला यूसी किती लागतात?" त्यावर सगळी पोरं हसली, मोठ्यांना काहीच कळलं नाही. "रिकामे परत" म्हणजे कोणी, कुठे नेऊन द्यायचे, यावर तर अजून वाद चालू आहे.

तर मंडळी, तुमच्या गावात किंवा धंद्यात क्रेट म्हटलं की काय समजतात, आणि किती? शब्दकोशातला अर्थ नको, तो मलाही सापडतो. वापरातला हवा.

पहाटपाळी

काकू आमच्याकडूनच दूध घेत असणार.

दूध वितरणाचा धंदा आमच्याकडे वडिलांपासून आहे. अर्ध्या लिटरच्या २४ पिशव्या म्हणजे एक क्रेट, १२ लिटर. काही डेअऱ्यांचा २० पिशव्यांचा, १० लिटरचाही असतो. म्हणून नवीन दुकानदार "सहा क्रेट टाका" म्हणाला की पहिला प्रश्न: कोणत्या दुधाचे? या धंद्यात पिशव्या कोणी मोजत नाही. अंधारात टेम्पोतून उतरवताना थप्प्या मोजायच्या, एका थप्पीत किती क्रेट हे ठरलेलं. फुटक्या पिशव्यांचा हिशेब वेगळा, तो दुसऱ्या दिवशी.

पण आमची खरी डोकेदुखी दूध नाही, रिकामा क्रेट आहे. डेअरीला जितके भरलेले आले तितके रिकामे गेले पाहिजेत, कमी पडले की पैसे आमच्या खात्यातून जातात. आणि कमी पडतातच. चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक कशावर बसलेलं असतं? भाजीवालीने पाटी कशावर ठेवलेली असते? गल्लीतल्या क्रिकेटला स्टंप म्हणून काय उभं असतं? क्रेटला चेंडू लागला की आउट, वाद नाही, आवाजच येतो. गणपतीत तर मंडपाच्या मागे आमचे निम्मे क्रेट सापडतात. प्रत्येकावर डेअरीचं नाव ठळक उठवलेलं असतं, तरी ते वाचून कोणी परत आणून दिल्याचं आठवत नाही.

जुनी_दादरकर

आमच्या लहानपणी क्रेट हा आवाज होता. आरे डेअरीच्या काचेच्या बाटल्या, तोंडाला अॅल्युमिनियमची पातळ टोपी, आणि तारेच्या क्रेटमध्ये त्या एकमेकींवर किणकिणत यायच्या. केंद्रावर रांग, हातात कार्ड आणि कालची धुतलेली रिकामी बाटली. बाटली फुटली तर घरी आधी बोलणी, मग नवी. गोरेगावची आरे वसाहत १९५१ साली सुरू झाली. प्लॅस्टिकची पिशवी घराघरांत यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. तेव्हाही रिकामं परत करायचंच होतं, फक्त काम गिऱ्हाइकाचं होतं.

शिवारफेरी

जुन्नर तालुक्यातला टोमॅटोवाला आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर मीच देतो.

पहिली गोष्ट, आमच्याकडे तोंडी 'कॅरेट' म्हणतात. सोन्याचा नव्हे. बाजारभावाच्या बातम्यांतही "प्रति कॅरेट" छापून येतं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कॅरेटवर बोलला जातो, आणि कॅरेट म्हणजे २० किलो असं सगळे धरून चालतात. धरून चालतात, हे लक्षात ठेवा.

क्रेट साधारण ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद, २९ उंच. रिकाम्याचं वजन दीड ते दोन किलो. काठापर्यंत सपाट भरला तर माल वीसच्या थोडा पुढेच जातो. आता तुम्ही सोसायटीवाले म्हणाल, वीस सांगून बावीस मिळाले तर चांगलंच. तुम्हाला चांगलं. आम्ही ते वरचे दोन किलो दर तोडणीला, तोड्यामागून तोडा, फुकट देत असतो. एक तोडा दोनशे कॅरेटचा निघाला तर चारशे किलो झाले, म्हणजे वीस कॅरेट माल. व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीवर तो कुठेच दिसत नाही.

भरायचीही रीत आहे. तळाला वर्तमानपत्र. लांबच्या बाजाराला पाठवायचा असेल तर गुलाबी छटा आलेला माल तोडायचा, पूर्ण लाल झालेला जवळच्या गिऱ्हाइकाला. एका कॅरेटमध्ये एकाच मापाचा माल. वर मोठा आणि खाली बारीक असं केलं तर व्यापारी मधला एखादा कॅरेट उचलून पालथा करतो आणि मग सगळ्या वकलाचा, म्हणजे लिलावाला लावलेल्या सगळ्या मालाचा, भाव पडतो. एकाने चलाखी केली की शेजारच्या शेतकऱ्याचा मालही पालथा होतो, म्हणून गावातलीच माणसं अशाला आधी दोन शब्द सुनावतात.

तुम्हाला ५०० सांगितलाय म्हणजे किलोला २५ पडले. घ्या. पण काटा करून घ्या, क्रेटचं वजन वजा करून. त्यात शेतकऱ्याचा अपमान नाही, उलट मला तर बरं वाटतं.

खटपट्या

हे वरचे दोन किलो काढून का घेत नाही? काठाच्या थोडं खाली भरा, वीसच भरतील.

शिवारफेरी

शीग हा शब्द माहीत आहे का? मापाच्या काठावर चढलेली रास. पायलीने धान्य मोजायचे तेव्हा माप काठावर सपाट करायचं की वर शीग ठेवायची, यावर भांडणं व्हायची. चार शेरांची पायली, पण शेर प्रत्येक भागात वेगळा आणि शीग देणाऱ्याच्या हातावर. सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा आणून किलो-लिटर आणले आणि पायली हळूहळू घरातल्या कोनाड्यात गेली. कॅरेट म्हणजे तीच पायली, प्लॅस्टिकची. काठाखाली राहिलेला कॅरेट लिलावात चांगला दिसत नाही, शेजारच्याचा शिगेने भरलेला असला की आपलाही तसाच लागतो.

त्यात खरं नुकसान वेगळंच. क्रेटचा सगळा उपयोग असा, की एकावर एक रचले तर वरच्याचं ओझं खालच्याच्या कडांवर येतं, मालावर नाही. पूर्वी करंड्या आणि लाकडी खोकी होती, तळातल्या मालाचं पाणी व्हायचं. आता शीग ठेवली की वरच्या क्रेटचा तळ सरळ टोमॅटोवर बसतो. पिकअप नारायणगावातून वाशीला पोचेपर्यंत वरचा थर चेचतो आणि व्यापारी म्हणतो माल खराब. बरोबर आहे त्याचं, खराबच असतो.

२०२३ सालचं उदाहरण देतो. त्या जुलैत नारायणगावात कॅरेट दोन हजारांच्या वर गेला. टीव्हीवाले बांधावर, टोमॅटोच्या शेताला राखण. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने नेपाळहून टोमॅटो आणायचं जाहीर केलं, नवा मालही सगळीकडून एकदम आला आणि सप्टेंबरात नाशिक भागात तोच कॅरेट शंभराच्या आसपास येऊन पडला. शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. ओतताना क्रेट मात्र कोणी टाकून दिला नाही, तो घरी नेला. आतल्या वीस किलोपेक्षा तो महाग होता.

म्हणून "रिकामे परत" हे वाक्य हलक्यात घेऊ नका. चांगल्या प्लॅस्टिकचा नवा क्रेट तीन-चारशेच्या घरात पडतो. भंगारातून पुन्हा केलेला स्वस्त मिळतो, पण एक उन्हाळा शेतात राहिला की कोपऱ्यातून तडकतो. आम्ही कडेला नावाची अक्षरं रंगवतो किंवा तापल्या सळईने डाग देतो, जनावराला देतात तसा. तरी बाजारात अदलाबदल होतेच, आणि बदलून आलेला नेहमी आपल्यापेक्षा जुना असतो. काही जिल्हा परिषदांनी निम्म्या अनुदानावर क्रेट दिले होते. त्या दिवशी कचेरीबाहेर जी रांग होती ती खतालाही पाहिली नाही.

येवल्याकडचा

वर ५०० चा हिशेब बरोबर आहे, पण नाशिक जिल्ह्यात आलात तर 'जाळी' हा शब्दही ऐकू येईल. वीस किलोची जाळी. टोमॅटो, ढोबळी, कारली, सगळ्याचा भाव "जाळीला इतके". पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असला की महामार्गाच्या कडेला जाळ्यांनी भरलेल्या पिकअपची ओळ लागते.

गंमत म्हणजे त्याच जिल्ह्यात कांद्याला क्रेट नाही. लासलगावात ट्रॅक्टरची ट्रॉली मोकळी उभी असते, व्यापारी चढून मूठभर कांदा हातात घेतो, बोली क्विंटलवर होते आणि मग भुईकाट्यावर वजन. वजनाचा वाद नाही. वाद प्रतीचा, तो खाली करताना. म्हणजे क्विंटलचा भाव आणि भुईकाटा अगदी जवळ असूनही टोमॅटो क्रेटवरच. कारण उघड आहे, ट्रॉलीत ओतलेला टोमॅटो संध्याकाळी सूप म्हणूनच विकावा लागेल.

डाळिंबालाही क्रेट, तोही वीसचाच. द्राक्षाला क्रेट लागतो पण मोजमापाला नाही. तोडणीच्या वेळी आत फोमची किंवा बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकची घडी घालून एकच थर घड ठेवतात, कारण मण्यांवरचा पांढरा थर पुसला गेला तर युरोपचं गिऱ्हाईक नाक मुरडतं. तिथून पॅकहाउसला, मग शीतकरण, मग पाच किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अर्ध्या किलोचे दहा डबे. द्राक्षाचा क्रेट फक्त बागेतून पॅकहाउसपर्यंतचा प्रवासी.

कोशागार

कोणी मागितलं नाही तरी सांगतो: हा शब्द लॅटिन 'क्रातिस'वरून आला असं मानतात. अर्थ, वेताचं किंवा काटक्यांचं विणकाम. म्हणजे मुळात आपली करंडीच.

पहाटपाळी

शब्दकोशातला नको म्हणाले होते ना ते!

देवगडी

करंडी म्हणालात म्हणून आलो. कोकणात आंब्याला क्रेट लागतो, पण त्याला मान नाही. मान पेटीला. वाशीत हंगामाची पहिली पेटी आली की तिची पूजा, फोटो, भाव पेपरात. पहिला क्रेट आला अशी बातमी कधी वाचलीय?

पेटीत पेंढा घालून हापूस रचतात आणि ती 'इतक्या डझनाची' असते. पेटी तीच, फळ मोठं असेल तर चार डझन, मध्यम असेल तर पाच-सहा, बारीक असेल तर आठापर्यंत. त्यामुळे मुंबईकर "पेटी केवढ्याला?" विचारतो तेव्हा तो अर्धाच प्रश्न असतो. पाच डझनी विचारतोय की सात डझनी? आठ डझनी पेटी स्वस्त मिळाली म्हणून खूश होणारे दर वर्षी भेटतात.

क्रेट बागेतला. झेल्याने, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीने, आंबा उतरवतात. दापोलीच्या विद्यापीठाने काढलेला नूतन झेला अनेकांकडे आहे, त्याने फळ देठासकट येतं. देठ तुटला तर चीक सालीवर उतरतो आणि पुढे तिथे काळा डाग. उतरलेला आंबा क्रेटात ठेवायचा, टाकायचा नाही. एवढं गड्यांना सांगून सांगून घसा बसतो. घरी आणून निवड झाली की चांगला पेटीत जातो. डागी, बारीक, वाऱ्याने पडलेला आणि मे महिन्याच्या शेवटचा सगळा क्रेटातच राहतो आणि किलोवर कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, जातो. म्हणून आमच्यात बोलतात, "आंबो क्रेटात गेलो म्हणजे कॅनिंगाक गेलो." वळिवाचा पाऊस लवकर आला त्या वर्षी संध्याकाळी रस्त्याला पिकअप बघायच्या, सगळ्या क्रेटांनी भरलेल्या, आणि कोणी कोणाला भाव विचारत नाही.

अंडीवाला

नोंद असू द्या: अंड्यांना क्रेट नाही. तीसचा ट्रे, सात ट्रेची पेटी, पेटी म्हणजे २१०. भाव मात्र शेकड्यावर. कोणी "एक क्रेट अंडी" मागितली तर आम्ही ट्रेच देतो आणि काही बोलत नाही.

भोसरी_पॅकिंग

तुम्ही सगळे ज्याला क्रेट म्हणताय त्याला आमच्या कारखान्यात 'बिन' म्हणतात. निळा बिन चालू मालाचा, लाल बिन रिजेक्शनचा. लाल बिनमध्ये चांगला पार्ट सापडला तर सुपरवायझरची खैर नाही, आणि उलटं झालं तर कोणाचीच नाही.

आमचा क्रेट लाकडी. भोसरी-चाकण भागातून जी यंत्रं परदेशात जातात ती आम्ही बांधून देतो. चारी बाजूंनी प्लायवूड किंवा फळ्या गच्च लावून बंद केलं तर तो बॉक्स. सांगाडा करून फळ्यांमध्ये फट ठेवली, आतलं यंत्र बाहेरून दिसतंय, तर तो क्रेट. गिऱ्हाईक दोन्हीला 'पेटी' म्हणतं आणि दर क्रेटचा धरून बॉक्स मागतं.

कामाचा क्रम असा. आधी खालचा स्किड, म्हणजे लाकडी बैठक, खाली जाड रनर (आडव्या पट्ट्या) मारून, फोर्कलिफ्टचे काटे आत जातील एवढी जागा सोडून. त्यावर यंत्र बोल्टने घट्ट. मग अॅल्युमिनियम थराची पिशवी घालून आतली हवा खेचून घ्यायची, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर समुद्रावरच्या दमट हवेत महिनाभरात गंज. सगळ्यात शेवटी भोवतीचा सांगाडा. लोकांना वाटतं क्रेट यंत्राला आधार देतो. आधार स्किड देतो. क्रेट फक्त दुसऱ्याचा माल अंगावर येऊ देत नाही.

आणि लाकूड कोणतंही चालत नाही. आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं पोचलं पाहिजे, तरच शिक्का मारता येतो. शिक्क्यात गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, भारताची 'आयएन' अक्षरं, उपचार करणाऱ्याचा क्रमांक आणि उपचाराचा प्रकार. हा खटाटोप कशासाठी? लाकडातून किडे प्रवास करतात. लांब मिशांचा एक आशियाई भुंगेरा १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये सापडला. तो पॅकिंगच्या लाकडातून आला असं मानतात आणि त्यापायी तिथली हजारो झाडं तोडावी लागली. त्यामुळे शिक्का नसलेला क्रेट बंदरात अडला तर यंत्र कितीही कोटींचं असो, अडकलं ते अडकलं. आमच्या ओळखीतल्या एकाचा कंटेनर असाच परत फिरला होता, दोन फळ्या ऐनवेळी बदलल्या आणि त्यावर शिक्का नव्हता म्हणून.

प्लायवूडला हा नियम लागू नाही, ते बनतानाच तापवून चिकटवलेलं असतं. म्हणून हल्ली घाईचं काम प्लायवूडमध्येच.

गंजकं_लोखंड

आमच्या धंद्यातला क्रेट तर हातातही धरता येत नाही. रस्ट नावाची प्रोग्रॅमिंग भाषा आहे, पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिच्यात संकलक (कंपायलर, लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा) एका वेळी जेवढा कोड एकत्र घेतो त्या तुकड्याला क्रेट म्हणतात. दुसऱ्याने लिहिलेला क्रेट आपल्या कामात आणायचा तर 'कार्गो' नावाचं हत्यार तो क्रेट्स डॉट आयओ या गोदामातून उचलून आणतं. एका पॅकेजमध्ये लायब्ररी क्रेट, म्हणजे दुसऱ्यांनी वापरायचा, फार तर एक, स्वतंत्र चालवायचे क्रेट कितीही.

शीग इथेही आहे बरं. तारीख छापायला एक क्रेट मागवावा तर त्याच्या पाठीमागून त्याचे नातेवाईक चाळीस क्रेट दारात उभे. ऑफिसात मी "दोन क्रेट काढून टाकले, आता हलकं वाटतंय" म्हणालो तेव्हा नवीन आलेली चहावाली मावशी माझ्याकडे फार संशयाने बघत होती.

हताश_आई

यूसीचं मी सांगते, कारण पैसे माझ्या खात्यातून गेलेत.

मोबाइलवरच्या त्या लढाईच्या खेळात यूसी म्हणजे खेळातलं चलन. खरे पैसे देऊन यूसी घ्यायचे, यूसी देऊन क्रेट उघडायचा. आत बंदुकीचं रंगीत कातडं, कपडे, काहीतरी निघतं. काय निघेल ते उघडल्यावरच कळतं. बहुतेक वेळा आधीच असलेलंच निघतं. खेळाडू मेला की त्याचं सामान पडतं, त्यालाही पोरं क्रेटच म्हणतात, "क्रेट लूट, क्रेट लूट" असं रात्री अकराला ओरडतात. तो फुकट असतो, त्याचं मला काही नाही.

बेल्जियमने पैसे देऊन उघडायच्या या नशिबाच्या पेट्या २०१८ साली जुगाराच्या कायद्यात बसवल्या. आमच्या घरी मी बसवल्या, मोबाइल कपाटात ठेवून.

शिवारफेरी

आत काय निघेल ते उघडल्यावर कळणार आणि पैसे आधी? ताई, आमचा व्यापारी तरी पालथा करून बघतो.

श्टुटगार्टवासी

जर्मनीत क्रेट हे सरळ मोजमाप आहे, 'कास्टन'. बिअरचा कास्टन म्हणजे अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्या. लहान बाटल्या असतील तर चोवीस. मित्राने घर बदलायला मदत केली तर पैसे देत नाहीत, कास्टन देतात.

अनामत रकमेची पद्धत मात्र बघण्यासारखी. बिअरच्या साध्या बाटलीमागे ८ सेंट, आणि रिकाम्या क्रेटचे दीड युरो. म्हणजे वीस बाटल्यांच्या क्रेटवर ३ युरो १० सेंट आधीच भरायचे. परत करताना दुकानातल्या यंत्रात क्रेट बाटल्यांसकट आत ढकलायचा, ते मोजतं, पावती छापतं, पावती गल्ल्यावर. पहाटपाळींनी लिहिलेली डोकेदुखी इथे गिऱ्हाइकाच्या खिशाला बांधून ठेवली आहे. माझ्या बाल्कनीत बाटल्या साचल्या की बायको विचारते, हे कचरा आहे की बचत?

पहाटपाळी

आपल्याकडेही होतंच की. लग्नात कोल्ड्रिंकचे लाकडी क्रेट यायचे, २४ बाटल्यांचे, बाटलीचे आणि क्रेटचे पैसे आधी भरून. वऱ्हाड गेलं की नवरीचा काका टेबलांखाली वाकून बाटल्या शोधत फिरायचा. प्लॅस्टिकची बाटली आली आणि काका मोकळा झाला. आता दुधाला हे करून बघा! दुकानदार म्हणेल, अनामत मागताय तर शेजारच्या डेअरीचं दूध ठेवतो. एकट्याने करून भागत नाही, सगळ्या डेअऱ्यांनी एका दिवशी करावं लागेल, आणि ते होणार नाही.

खटपट्या

सोसायटीत आम्ही हेच करतोय. क्रेटमागे दोनशे अनामत वहीत लावली. दोघांनी लगेच विचारलं, क्रेट ठेवून घेतला तर चालेल का, दोनशेत बरा पडतो.

शिवारफेरी

चारशे लावा.

गच्चीवरली

ठेवून घेणाऱ्यांपैकी मी एक (आमच्या सोसायटीत, तुमच्या नव्हे). तडकलेला क्रेट शेतकऱ्याला उपयोगाचा नसतो, भाजीवाल्याकडून तो पन्नासला मिळतो. आतून जुन्या गोणपाटाचं किंवा हिरव्या शेडनेटचं अस्तर, मग तळाला सुकी पानं, वर निम्मी माती, निम्मं कंपोस्ट आणि मूठभर कोकोपीट. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा छान येतात. जाळीचाच घ्या, बंद बाजूंचा नको, मुळांना हवा लागते आणि जास्तीचं पाणी निघून जातं. खाली दोन विटा ठेवा, नाहीतर स्लॅब ओला राहतो आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात.

टोमॅटोही लावला होता क्रेटात. झाड तीन फूट वाढलं, टोमॅटो बोराएवढे.

शिवारफेरी

एका क्रेटात एकच झाड लावा, काठी बांधा, बगलेतले फुटवे काढत जा. आणि फळ बोराएवढंच राहिलं तर वाण चेरीचा असेल, बियांचं पाकीट बघा.

चारपायी

कुत्र्यांचा क्रेटही घ्या यादीत. आमच्या पशुवैद्यांनी पिल्लाला क्रेटची सवय लावायला सांगितली तेव्हा सासूबाई "पिंजऱ्यात घालणार त्याला?" म्हणून दोन दिवस बोलल्या नाहीत. दार उघडं ठेवून आत खाऊ टाकत गेलो, आता दिवाळीत फटाके वाजले की तो स्वतःहून आत जाऊन बसतो. कोंडायचं नाही, एवढंच पथ्य.

पुस्तकी_उंदीर

भोसरी_पॅकिंग, एक विचारायचं होतं. आमच्या ऑफिसच्या मागे परदेशातून आलेल्या यंत्रांचे लाकडी क्रेट पडून आहेत, पाइनच्या फळ्या दिसतात. सुरक्षारक्षक म्हणतो घेऊन जा. पुस्तकांचं कपाट करायचा विचार आहे. घरात आणायला हरकत नाही ना? लहान मूल आहे म्हणून विचारतोय.

भोसरी_पॅकिंग

आधी शिक्का शोधा. सहसा दोन समोरासमोरच्या बाजूंवर असतो. त्यात 'एचटी' अक्षरं असतील तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, खुशाल वापरा. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका. 'डीबी' दिसलं तर घाबरू नका, साल काढलेली आहे एवढाच त्याचा अर्थ. शिक्काच नसेल, किंवा लाकडाला तेलाचा, रसायनाचा वास येत असेल, तर जळणाला सुद्धा नेऊ नका.

फळी सुटी करताना हातोड्याने ठोकून काढू नका, आमचे खिळे पीळदार असतात, फळी फाटते. दोन फळ्यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापा, डोकं लाकडात राहू द्या. मग रंधा मारण्याआधी चुंबक फिरवून घ्या, नाहीतर सुतार रंध्याच्या पात्याचे पैसे तुमच्याकडून घेईल. आणि पाइन मऊ असतं, पुस्तकांच्या वजनाने लांब फळी मधून खाली येते. अडीच फुटांपेक्षा लांब खण ठेवू नका.